बिनगिअरची गाडी

…आवाज नाही, धूर नाही, क्लच नाही, आणि गिअर, गिअर तर नाहीच नाही, आणि वर लोक मलाच विचारतात, "काका, मजा येतेय काय नव्या गाडीत?" कसली मजा? मिक्सरला चाकं लावल्यासारखी वस्तू. गिअर नाही ती गाडी कसली, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगतो, आमची जुनी होती ना, तिला गाडी म्हणायचं. तिचा दुसरा गिअर सरळ पडायचाच नाही. आधी तिसऱ्याकडं निघालोय असं भासवायचं, जरा थांबायचं, मग मनगट वळवून हळूच खाली ओढायचं. अख्ख्या उणकलमध्ये हे मला एकट्याला जमायचं. माझा मुलगा श्रीनिधी, बेंगळुरात मोठा इंजिनिअर, त्यानं एकदा ओढला तर असा करकरला की शेजारचे पुंडलिकराव चहा टाकून बाहेर आले. त्यामुळं काय व्हायचं, घरात कुणाला कुठं जायचं असलं, लग्न असो, बारसं असो, आमच्या हिचं, श्यामलाचं भजनी मंडळ असो, विचारायला यायचं ते माझ्याकडं. वकिली सोडल्यावर कोण विचारतंय हो माणसाला? पण गाडीसाठी विचारायचे. बरं वाटायचं.

तर हा श्रीनिधी फोनवर, "अप्पा, तुमचं वय झालं, आता ऑटोमॅटिक घेऊया." अरे, वय माझं झालंय, शिक्षा गाडीला कशाला? तरी बघितल्या की सगळ्या. एक ऑटोमॅटिक गिअर बदलायच्या आधी अशी थबकायची, वाटावं, आता हिला शिंक येणार. दुसरीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नुसती ओरडायची, पुढं जायची ती तिच्या सवडीनं, सरकारी कचेरीतल्या फायलीसारखी. हे सगळं मी श्रीनिधीला सांगितलं, तर म्हणतो कसा, "मग इलेक्ट्रिकच घेऊ, तिला गिअरच नसतो." म्हणजे आमटीत मीठ कमी म्हटलं तर यांनी ताटच उचललं.

गोकुळ रोडच्या शोरूममध्ये दीपश्री नावाची मुलगी. "अंकल, ऑइल नाही, क्लच नाही, गिअरचं टेन्शनच नाही री." मी म्हटलं, बाई गं, मग गाडीत आहे काय? तर म्हणाली, "हिला डोळे आहेत अंकल." आणि पुढं, मागं, आरशाखाली, बंपरवर, कुठं कुठं ते बारीक डोळे दाखवले. कॅमेरे म्हणे, सेन्सर म्हणे. श्यामला इतक्या कौतुकानं बघत होती, जणू पाळण्यातली नात दाखवतायत. झालं, जुनी देऊन टाकली. ती न्यायला आलेल्या माणसाला फाटकापासून कोपऱ्यापर्यंत दुसरा गिअर पडला नाही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मग गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि फार वाईट वाटलं.

नवी आली खंडेनवमीला. दीपश्रीच घेऊन आली. आता नवमीची वाहनपूजा आमच्याकडं म्हणजे काही उदबत्ती ओवाळून उरकत नाहीत. आमचे भटजी वादिराजाचार सोवळ्यात, हात हात लांब झेंडूचे हार, ओवाळून फोडायला कोहळा, चारी चाकांखाली लिंबं. शिलाई मशीनपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्याला आपण हळदकुंकू लावतो की नाही? मग हिला तर डोळे. डोळ्यांना उपाशी ठेवायचं? मी एकेक डोळा शोधून काढला आणि बोटानं चांगलं ओलं, ठसठशीत हळदकुंकू भरलं. बंपरवरचे उरले होते, ते हाराखाली गेले.

आणि बसलो. यजमान मी, बसणारही मीच. किल्ली नाही, बटण. दाबलं. ढिम्म. परत दाबलं. दीपश्री बाहेरून, "अंकल, चालू ऐत्री, म्हणजे चालूच होती, आता तुम्ही बंद केली." अगं, चालू झाली तर बोलायला नको तिनं? जुनी कशी सगळ्या गल्लीला सांगायची. पुन्हा बटण दाबलं, सवयीनं डावा पाय क्लचवर मारला, तिथं क्लच कुठला, तिथं ब्रेक, आणि ही बया लागली की बोंबलायला… टीं टीं टीं… पडद्यावर लाल अक्षरं, पुढं अडथळा, मागं अडथळा, चहूकडं अडथळा. आरती घेऊन पुढं उभे असलेले आचार दचकून थेट तुळशीपर्यंत मागं सरले. "वकीलसाहेब, राहुकाळ लागायलाय, लिंबं चिरडा आधी." म्हटलं, कशी चिरडू, ही आंधळी झालीय. श्यामला म्हणते, "तुम्हीच केलीत की." सगळ्यांसमोर.

उतरलो. बंपरवरचे हार वर सारले, ओलं फडकं घेतलं आणि गिअर नाही ती गाडी कसली, असं पुटपुटत एकेक डोळा पुसत मागं पोचलो. तेवढ्यात आचार, "अहो, कुणीतरी बसा." आणि कोण बसलं? श्यामला. इरकलीचा पदर खोचून. लायसन्स होतं हो तिच्याकडं, स्कूटरबरोबर गाडीचंही काढलेलं, दर वेळी नूतनीकरण करून आणायची, मला वाटायचं ओळखपत्र म्हणून ठेवलंय. दीपश्री शेजारी बसली. "अक्का, काय नाही, ब्रेकवरचा पाय हळू काढा, बास." हिनं काढला. चारी लिंबं फुटली, गाडी फाटकातून बाहेर. मी तसाच वाकलेला, हातात फडकं, आणि पुसायला समोर काही नाही.

उणकलच्या तळ्याला वळसा घालून आली. उतरली, माझ्याकडं बघून म्हणाली, "अहो, एवढंच असतं होय? मला वाटायचं फार अवघड असतं." अगं, अवघड होतंच की. गिअर होता.

आता काय, भजनी मंडळाला निघाली गाडी, तिच्या थोरल्या बहिणीकडं, इंदुमतीअक्काकडं धारवाडला निघाली गाडी, अर्ध्या गल्लीच्या बायका मागच्या सीटवर. कुणाला कुठं जायचं असलं की फोन तिला. मी तरी अजून म्हणतो, गिअर नाही ती गाडी कसली. ऐकायला कुणी घरी असलं तर.

उद्या मला देशपांडे नगरात दातांच्या डॉक्टरकडं जायचंय. दाढ अशी ठणकतेय की रिक्षातले दणके सोसवणार नाहीत. म्हणून शेवटी जेवताना विचारलं तिला, सोडशील काय म्हणून.

"बघते," म्हणाली.