उलटं फिरलेलं लेथ मशीन

वणीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन वयस्कर बायका बोलत होत्या.

"गोजरा, सातपूरला तुझ्या शेखरनं घरातच लेथ मशीन बसवलं म्हणे?"

"हो ना. ह्यांनी कंपनीत ज्याच्यावर आयुष्य काढलं, तेच. कंपनीनं विकायला काढलं, त्यानं घेतलं."

"पण घरच्या लायनीवर चालतं का एवढं मोठं?"

"मध्ये एक डबा बसवत्यात. तो साध्या लायनीचं थ्री फेज करून मोटरीला देतो. नारळ फोडला आन शेखर म्हणाला, आई, बटण तू दाब."

"दाबलंस?"

"दाबलं. मशीन उलटंच फिरायला लागलं. नणंद सगळ्यांसमोर बोलली, विधवेच्या हातानं शुभकार्य केलं, मग दुसरं काय होणार."

"अगं बाई. मग?"

"दोन दिवस मी तिकडं फिरकले नाय. मग वायरमन आला. डब्यातून मोटरीकडं तीन वायरी जात्यात, त्यातल्या दोन त्यानं अदलाबदल केल्या. म्हणाला, एवढंच होतं, मावशी."

"आन मग बटण कोणी दाबलं?"

"मीच. शेखरनं नणंदेला मुद्दाम बोलवून घेतलं व्हतं. सरळ फिरलं. ह्यांच्या कपड्यांना यायचा, तोच तेलाचा वास आला बघ."

"नणंद काय म्हणाली?"

"काल फोन आला. वणीला तिच्या महेशची पिठाची गिरणी बसतीय, बटण दाबायला ये म्हणाली."

"मग चाललीस?"

"चालले की. पण सांगून ठेवलंय, वायरी आधी तपासा."