तिसरी सुई

नाही पण तुम्हीच सांगा, जो माणूस खंडेराव मार्केटमध्ये पापडीचा भाव करतानासुद्धा डोक्यावरचं हेल्मेट काढत नाही, त्याने 'काय घाई आहे, पुढे बघू' असं म्हणावं? तो माणूस म्हणजे माझे बाबा. कोयलीला कारखान्यात सेफ्टीचं काम बघतात आणि घरी येऊनही तेच बघतात. आमच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी आग विझवायचा लाल सिलिंडर आहे, पाहुण्यांना चहाच्या आधी बाहेर पळायचा रस्ता दाखवतात, आणि पाहुणा हसला की ठरलेलं वाक्य, 'हसा, पण अपघातानंतर सेफ्टी नसते, अपघातानंतर चौकशी असते.'

आणि मी? मी काही बोलत नाही. हजेरीला 'येस मॅडम' म्हणायचं तरी माझे कान तापतात, आत्ताही तापलेत, दिसतंच आहे तुम्हाला.

तर आईने मला एचपीव्हीच्या लसीचं विचारायला डॉक्टर हेतलबेनकडे नेलं. त्यांनी सरळ सांगितलं, हा विषाणू फार सर्रास असतो, शरीरसंबंधातून पसरतो, बहुतेकांना कधी ना कधी गाठतो आणि आपोआप जातोही, पण काही जणींच्या शरीरात मुक्काम ठोकून बसतो आणि कितीतरी वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून लस आधीच घ्यायची. 'अने सांभळ दीकरा, पंदर पूरां थाय ए पहेलां ले तो बे ज, पछी त्रण.' म्हणजे पंधराच्या आत दोन सुया, नंतर तीन! आणि माझा पंधरावा वाढदिवस आलेला जवळ. तुम्हाला सांगते, मला सुई नुसती दिसली तरी घाम फुटतो, त्यात एक जास्तीची...

आई म्हणाली, 'यांना विचारते.' यांना विचारणं म्हणजे काय, तर शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचा, आणि मग इतकं हळू बोलायचं की बाबांनाही ऐकू जाऊ नये. 'अहो, ते इंजेक्शन...' 'कुठलं?' 'ते हो, मुलींचं.' 'मुलींचं म्हणजे?' शेवटी आईने धीर करून 'गर्भाशय' म्हटलं आणि बाबा ताडकन उठले, गॅसचा कॉक बंद आहे का बघायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच शब्द, पुन्हा गॅस. त्या आठवड्यात आमच्याइतका सुरक्षित गॅस अख्ख्या बडोद्यात नसेल.

आणि मी? मी काही बोलले नाही.

मग छाणीहून सुनंदाआत्या आली. आमच्याकडे निर्णय अडला की आत्याला बोलावतात, आणि आत्या आली की निर्णय कायमचा अडतो. जेवायला बसताच ती बाबांना म्हणाली, 'उन्मेष, लहान आहे रे पोर, लग्नाचं बघू तेव्हा बघू. आणि उद्या मूलबाळच झालं नाही म्हणजे?' आई म्हणाली, 'सुनंदाताई, मी विचारलंय डॉक्टरांना, तसं काही होत नाही.' 'तू विचारलंस? असलं विचारतेस तू बाहेर जाऊन? आणि लोक म्हणतील, हिला एवढ्यात कशाला लागलं हे?' बाबा म्हणाले, 'ताईचंही बरोबर आहे. काय घाई आहे, पुढे बघू.' हे सगळं माझ्या डोक्यावरून, आमटीचं भांडं फिरावं तसं फिरत होतं, आणि प्रत्येक 'पुढे बघू'बरोबर ती तिसरी सुई माझ्या दंडाकडे सरकत होती.

आणि मी...

'बाबा,' मी म्हटलं. आत्याचा घास हातातच राहिला, कारण जेवताना मी फक्त 'बास' म्हणते. 'बाबा, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाल्यावर ही लस उपयोगाची नाही. तेव्हा फक्त चौकशी असते.'

बाबा सवयीने अर्धे उठलेच होते, गॅसकडे. तसेच थांबले, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसले. 'ताई,' म्हणाले, 'उद्या सकाळी जातोय आम्ही.'

गेलो. टोचलं. दुखलं, पण थोडंच. दुसरी सुई सहा महिन्यांनी. हेतलबेन म्हणाल्या, लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करायचीच, तर बाबा खूश होऊन, 'बरोबर, हेल्मेट घातलं म्हणून ब्रेक काढून टाकतो का आपण?' आणि ही लस मुलग्यांनाही देता येते हे ऐकल्यापासून तर ते थांबतच नाहीत. मार्केटमध्ये, डोक्यावर हेल्मेट, हातात दुधी, आणि भाजीवाल्याला खड्या आवाजात, 'गर्भाशय!' आई आता माझ्या पाठीमागे लपते.

तेवढ्यावर भागलं असतं. पण परवा आपल्या मंडळात बाबा म्हणाले, 'या वेळी हळदीकुंकवाला आमची आकांक्षा बोलेल लसीबद्दल. छान बोलते ती.' छान बोलते? जन्मात एक वाक्य बोलले मी!

ते बघा, दाराशी उभे आहेत, तुम्हाला बाहेर पळायचा रस्ता दाखवायला. माझा रस्ताही तेच अडवून आहेत. एक सुई वाचवली मी, आणि तिच्या बदल्यात हातात हा माइक आला... खरं सांगू का तुम्हाला? तिसरी सुई परवडली असती.