पनामा शहरात दिसलेल्या इसमाबाबत

दि. ०२/०३/२०२६

नाव पराग सुभाष तांबे, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी, मालवाहू जहाजावर कुक, रा. काशीगाव, मीरा रोड पूर्व.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी मोठी बहीण निशा उदय सकपाळ व तिची मुलगी सान्वी, वय १०, असे एकत्र राहतो. ताईचे पती उदय कोंडिराम सकपाळ जहाजावर फिटर होते. ऑगस्ट २०१७ मध्ये पनामा शहरासमोर जहाज नांगरलेले असताना ते समुद्रात पडून बेपत्ता झाले. प्रेत मिळाले नाही. गेल्या नोव्हेंबरात कोर्टाने ते मयत असल्याचा आदेश दिला. सान्वीच्या शाळेच्या फॉर्मवर आम्ही वडिलांच्या नावाआधी कालकथित लिहितो.

माझा करार दि. १०/०२/२०२६ रोजी पनामात संपला. विमान दि. १४ चे होते. मधले दिवस मी स्वखर्चाने एका स्वस्त हॉस्टेलमध्ये, आठ जणांच्या खोलीत राहिलो. ताई फोनवर म्हणाली होती, "ते गेले तिथलं पाणी एकदा बघून ये." त्याप्रमाणे दोन दिवस किनाऱ्याने चाललो. एकीकडे काचेचे उंच टॉवर, जरा पुढे पत्र्याची घरे. ओहोटीला नुसता चिखल उरतो, वास आमच्याकडच्या उत्तनच्या कोळीवाड्यासारखा. जेवण भात, राजमा व तळलेली केळी. भाषा समजत नव्हती, पण वाट विचारली तर लोक सोबत चालत येत. शहर मला आवडले होते, हेही सांगतो.

दि. १३ रोजी सकाळी अकराच्या सुमारास चार्जर तिथल्या सॉकेटला बसत नसल्याने मी बाजारातील एका भारतीय दुकानात गेलो. हिंदीत अ‍ॅडाप्टर मागितला. पाठमोरा इसम न वळता म्हणाला, "दो पिन का कि तीन का?" आवाज ओळखीचा होता. तो वळला. ते उदय भावोजी होते. केस पांढरे, डाव्या भुवईवरची खूण तीच. माझा मोबाईल खाली पडला.

मी म्हणालो, "भावोजी."

"आवाज करू नको, पराग."

आम्ही दुकानामागे खोक्यांवर बसलो. त्यांनी विचारले, "माझी आई कशी आहे?" मी सांगितले, "तीन वर्षं झाली जाऊन." मी विचारले, "आम्ही तुमचा जलदान विधी केला. का केलंत असं?"

"ठरवून नाही रे केलं. पडलो ते खरंच पडलो. कोळ्यांच्या होडीने उचललं. बरा झालो की कळवणार होतो. मग वाटलं, मेला म्हणून धरलंय ना, राहू दे तसंच. एकदा हलकं वाटलं की परत जाववत नाही. तू कोणाला सांगू नको."

फोटो काढू का विचारले, तर नको म्हणाले. गिऱ्हाईक आले म्हणून ते उठून आत गेले. मी अ‍ॅडाप्टर न घेता निघालो. त्यानंतर कुठे व किती चाललो ते मला सांगता येत नाही.

दि. १६ रोजी घरी आलो. कोणाला काही सांगितले नाही. जेवण जात नव्हते. काल रविवारी संध्याकाळी ताई म्हणाली, "पुढच्या महिन्यात रजिस्टर लग्न करतोय, मी आणि साईराज. साक्षीदार म्हणून सही करशील ना?" साईराज मोहिते हे तिच्या ऑफिसात आहेत. तेव्हा मी सर्व सांगितले. ताईने गॅस बंद केला व जमिनीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला आता घटस्फोट घ्यावा लागणार." नंतर विचारले, "सान्वीचं काही विचारलं त्यांनी?" मी म्हणालो, "विचारलं ना. कितवीत आहे म्हणाले." आज सकाळी तीच मला येथे घेऊन आली.

उदय सकपाळ यांनी सान्वीबद्दल काहीही विचारले नाही. ताईला मी खोटे सांगितले. जबाबात खरे लिहावे लागते म्हणून येथे सांगत आहे.

ताई दाराबाहेर बाकावर बसली असल्याने जबाब हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे तो मला मराठीत वाचून दाखवला, मी ऐकला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.