अण्णा भांडण सोडवायला गेले

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो, आणि घाईने उत्तर देऊ नका. ज्या घरातून कधी मोठा आवाज येत नाही — ते घर सुखी म्हणायचं का?

बघा, माना हलल्या! मागचे काका तर मोठ्यानं 'हो' म्हणाले. शेजारच्या काकू मात्र गप्प! राहू द्या, काकू. तुमचं उत्तर घरी गेल्यावर द्या.

तर आंबेवाडी नावाचं गाव. तिथे रंगनाथअण्णा वाघचौरे, गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. बांधावरनं जुंपली — बोलवा अण्णांना! नळावर बादल्या आपटल्या — बोलवा अण्णांना! आणि अण्णांची पद्धत कशी? भांडणाऱ्यांच्या मधे जाऊन उभे राहायचे, दोन्ही हात पसरायचे आणि म्हणायचे, "आधी मला मारा, मग त्याला!" आता अण्णांना कोण मारणार? भांडण तिथल्या तिथे थंड!

असा माणूस. गाव शांत, घरही शांत. मग एक दिवस अण्णांची बायको गेली. सिंधूबाई. आजारी होत्या, पहाटे गेल्या. एकुलती एक लेक स्नेहल पुण्याहून धावत आली, उंबऱ्यातूनच आईला पाहिलं आणि तिनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं — तर अण्णांनी तिच्या तोंडावर हात ठेवला! "गप. लोक बघतायत. तुझी आई शांतपणे गेली, तूही शांत राहा."

पोर गप्प झाली. अण्णांना वाटलं, सावरली.

मंडळी, तोंड मिटलं की दुःख मिटतं का हो?

त्यानंतर बापलेकीचं फोनवर बोलणं कसं? "जेवलीस?" — "जेवले." — "ठीक." — "ठीक." संपलं! तंटा नाही, काही नाही. आदर्श घर!

आणि एके दिवशी गावातल्या पोरांनी अण्णांना मोबाईल दाखवला. पडद्यावर काळे कपडे घातलेली स्नेहल, हातात माईक, आणि घशातून आवाज कसला? वाघीण जाळ्यात सापडावी तसला! गाणं म्हणे 'हेवी मेटल'. तुम्ही नसेल ऐकलं. ढोल, गिटारी आणि गळा, तिन्ही आता फुटतील असं वाटावं, ते हे गाणं. हसू नका! आपले टाळ-मृदंग टिपेला जातात तेव्हा शेजारच्या बंगल्यातले लोकही खिडक्या लावून घेतात.

अण्णांनी फोन लावला. "हे थांबव. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही." लेक म्हणाली, "अण्णा, एकदा येऊन ऐका. ऐकून झाल्यावर तुम्ही थांब म्हणालात, तर त्याच दिवशी सोडते. शब्द आहे माझा." वाघचौऱ्यांची पोर! शब्द मोडायची नाही. अण्णा एसटीत बसले ते 'थांब' हा एकच शब्द खिशात घालून.

पुण्यात मुंढव्याच्या बाजूला एक लहानसा क्लब. संध्याकाळची वेळ. दारात पोरीनं अण्णांच्या मनगटावर शिक्का मारला. "मतदान आहे का?" अण्णांनी विचारलं. आणि पुढे काय केलं माहितीये? जिथे गाणं, तिथे पायताण बाहेर! वाकले आणि चपला काढल्या की दारात! पोरगी धावली, "काका, घाला, घाला! आत पाय तुडवेल कुणीतरी." अण्णांना वाटलं, ही कसली बैठक?

आत अंधार, लाल दिवे, सगळे काळ्या कपड्यांत. मधोमध एकच पांढरा सदरा आणि पांढरी टोपी — आपले अण्णा! स्नेहल मंचावर आली. तिनं बापाला पाहिलं. हसली नाही. माईक धरला, डोळे मिटले — आणि सोडला आवाज!

अण्णांनी कान पुढे केला. शब्द एक कळेना. आणि तेवढ्यात समोर काय? पोरांनी मोकळं रिंगण केलं आणि लागले की एकमेकांवर धडकायला! खांद्याला खांदा, छातीला छाती, धाड! धाड! अहो, ती त्यांची नाचायची रीत! पण हे अण्णांना कोण सांगणार? त्यांना दिसलं ते भांडण. भर सभेत, लेकीच्या देखत, भांडण! आणि तंटामुक्तीचा अध्यक्ष बघत उभा राहील?

घुसले! रिंगणाच्या मधोमध! हात पसरले! "आधी मला मारा —"

पुढचं वाक्य झालंच नाही. एक धिप्पाड गडी वेगानं येत होता, त्याला थांबता आलं नाही. अण्णा उताणे!

आता सांगा, शंभर माणसं बेभान झालेली, खाली म्हातारा पडलेला. काय होईल? चेंगराचेंगरी? मंडळी, त्या लोकांचा एक नेम आहे. रिंगणात कुणी पडला की सगळ्यांनी थांबायचं आणि आधी त्याला उचलायचं. नाव नाही विचारायचं, गाव नाही विचारायचं. अण्णांची पाठ जमिनीला टेकते न टेकते तोच चार बाजूंनी आठ हात आले आणि माणूस उभा! वाद्यं बंद. दंडभर गोंदवलेल्या एका पोरानं टोपी उंच धरली, "कुणाची आहे?" धूळ झटकली आणि अण्णांच्या डोक्यावर नीट बसवली. "काका, लागलं का? पाणी आणू?"

स्नेहल मंचाच्या कडेला येऊन उकिडवी बसली. "अण्णा! लागलं?"

अण्णांचा श्वास फुललेला. "मला सोड. तू काय ओरडतेस ते सांग. एक शब्द कळंना मला."

पोरीनं माईक बाजूला ठेवला. घोगऱ्या, बसलेल्या आवाजात म्हणाली, "'आई, त्या दिवशी मला रडायचं होतं.' एवढंच आहे, अण्णा. हेच परत परत म्हणते."

मंडळी... अण्णांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. ज्या हातानं गावातली भांडणं मिटवली, त्याच हातानं लेकीचं तोंड मिटवलं होतं. ती घरी रडू शकली नाही, म्हणून इथे परक्या माणसांत येऊन रडत होती. आणि परकी माणसं तिच्यासोबत उभी होती. बाप नव्हता.

"थांबू का, अण्णा?" तिनं विचारलं.

शब्द दिलेला! एक 'थांब' म्हटलं की संपलं. त्यासाठीच तर अण्णा आले होते. आजूबाजूला शांतता — अण्णांना आयुष्यभर आवडली तशी. आणि मंडळी, त्या शांततेची अण्णांना पहिल्यांदा भीती वाटली.

"नको," अण्णा म्हणाले. "म्हण. पुरं म्हण. मी हितंच हाय."

तिनं माईक उचलला. ढोल फुटले, गिटारी फुटल्या, आणि त्या कल्लोळात रंगनाथअण्णा वाघचौरे बायकोचं नाव घेऊन मोठ्यानं रडले. सिंधू! सिंधू! कुणी वळून पाहिलं नाही, कुणी गप केलं नाही. फक्त तो धिप्पाड गडी त्यांच्या शेजारी पाय रोवून उभा राहिला, म्हाताऱ्याला पुन्हा धक्का लागू नये म्हणून.

बाहेर आल्यावर लेकीनं विचारलं, "गाणं आवडलं?" अण्णा खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "पुढचं गाणं कधी आहे ते सांग."

आता माझ्याकडे नका बघू, स्वतःकडे बघा. तुमच्या घरात कोण गप्प आहे? सून? म्हातारी? दहावीत नापास झालेलं पोरगं? तुम्ही म्हणता, किती समंजस आहे, अवाक्षर काढत नाही! अहो, अवाक्षर काढत नाही की काढू देत नाही? शांतता आणि मुस्कटदाबी बाहेरून सारखीच दिसते, मंडळी. आत जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.

टाळकरी, थांबा. पेटी बंद. रोज शेवटचा गजर मी सांगतो आणि तुम्ही मागे म्हणता. आज मी सांगणार नाही. इथे ज्याच्या गळ्यात काही अडकलेलं असेल, त्यानं सुरुवात करावी. सूर लागला नाही तरी चालेल. रडू आलं तरी चालेल.

आम्ही सगळे मागे म्हणू.