अण्णांकडे उरलेला शब्द

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका. घसा बसलाय आज, ओरडून सांगणं जमायचं नाही. पेटीवाले बुवा, तुम्हीही सूर जरा खालीच धरा.

एक प्रश्न विचारतो. सेवा करता करता माणूस थकला, मनातून चिडला, नको नको झालं त्याला — तर आधीची सगळी सेवा पाण्यात गेली का? लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

नदीकाठी एक गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. त्या गावात त्र्यंबकअण्णा म्हणून एक गृहस्थ होते. गावजेवण असलं की पंगत अण्णांच्या हाती. धोतराचा सोगा खोचून पानांच्या रांगांमधून फिरायचे आणि वाढप्यांना सांगायचे, "इकडं आमटी वाढ. त्या म्हाताऱ्याला भात वाढ. लाजतोय तो, त्याला न विचारता वाढ." एकही माणूस अर्धपोटी उठता कामा नये, हा हट्ट. आणि घरी? घरी त्यांची सून कुमुद, सगळ्यांचं आटोपलं की ओट्यापाशी उभ्या उभ्या चार घास खायची. ते अण्णांच्या कधी लक्षात आलं नाही. मांडवात सगळं दिसायचं हो त्यांना, स्वयंपाकघरात नाही.

एका सकाळी अण्णा आंघोळ करून आले आणि देवघरापाशी कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं. काही दिवसांनी ओठ हलले, म्हणून कुमुदनं कान जवळ नेला. अण्णा म्हणाले, "वाढ."

डॉक्टर म्हणाले, होतं असं. सगळे शब्द जातात, एखादाच मागं राहतो. म्हणायचं असतं वेगळंच, तोंडातून मात्र तोच निघतो.

एका शब्दावर कसं निभायचं? माझी भाची इंग्रजी शिकवते. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मामा, इंग्रजीत 'ग्रो' म्हणून एक क्रियापद आहे. पीक ग्रो होतं, पोर ग्रो होतं, दाढी ग्रो होते. आणि म्हातारं होण्यालाही ग्रो, थकण्यालाही ग्रो." म्हटलं, वा, म्हणजे साहेबाच्या देशात थकलेला माणूससुद्धा वाढतच असतो! पण आपला शब्द काय कमी आहे का? पानात वाढतो, लेकरू वाढवतो. नारळ फोडत नाही आपण, वाढवतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. मोडण्यालासुद्धा वाढणं म्हणणारी माणसं आपण.

तर कुमुद हळूहळू शिकली. अण्णा पंख्याकडं बघून "वाढ" म्हणाले की पंखा वाढवायचा. देवापुढच्या नारळाकडं बघून म्हणाले की नारळ. नात रेवती वसतिगृहातून सुट्टीला आली, तेव्हा अण्णांनी डावा हात तिच्या डोक्याएवढा वर धरला आणि म्हणाले, "वाढ." केवढी वाढलीस! पोरगी तिथंच रडायला लागली. त्यांना उठवताना कुमुदची बांगडी पलंगाला लागून फुटली, तर तिच्या मनगटाकडं बघून हळूच, "वाढ."

गोड वाटतंय ना ऐकायला? आता हे रोज करून बघा. सकाळी वाढ, दुपारी वाढ. कूस बदलायची, चादर धुवायची, भरवायचं, पुसायचं, आणि वर ओळखायचं — आता काय हवंय? भेटायला लोक यायचे. चहा प्यायचे आणि म्हणायचे, "भाग्यवान गं तू, सासऱ्याची सेवा घडतेय." कप मात्र कुमुदनंच विसळायचे. नवरा मुकुंद, त्याची पिठाची गिरणी. घरी आला की विचारायचा, "अण्णा जेवले?" चांगला मुलगा. प्रश्नही चांगला. पण त्याच्यापाशी तेवढा एकच होता.

एका दुपारी कुमुदनं अण्णांना भरवलं, तोंड पुसलं आणि उठायला लागली. अण्णा म्हणाले, "वाढ." तिनं दही पुढं केलं. अण्णांनी मानेनंच नाही म्हटलं. पाणी दिलं, नाही. उशी उंच केली, नाही. पंखा वाढवला, तरी नाही. "वाढ." पुन्हा, "वाढ."

कुमुद मटकन खाली बसली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "अण्णा, मला नाही कळत. आता कळून घ्यायचीही ताकद नाही. वीट आलाय मला त्या शब्दाचा. सुटा एकदाचे. तुम्हीही सुटा, मीही सुटते."

बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते मग तिला कळलं. तोंडावर पदर धरून बसून राहिली.

अण्णांना बोलता येत नव्हतं, मंडळी. ऐकू सगळं येत होतं.

त्यांनी डावा हात लांब केला. पलंगाशेजारच्या भाताच्या पातेल्यावरची झाकणी काढून उलटी ठेवली. चमचा धरला. भात घेताना अर्धा चादरीवर सांडला. उरलेला झाकणीत पडला. ती झाकणी त्यांनी कुमुदकडं सरकवली आणि म्हणाले, "वाढ."

"मला?" तिनं विचारलं.

अण्णांनी डोळे मिटून होकाराची मान डोलावली.

पातेल्यात भात होता आणि ती उपाशी होती. एवढंच ते मघापासून सांगत होते — तुझं वाढून घे. कदाचित बऱ्याच दिवसांपासून सांगत असतील. कुमुद तिथंच मांडी घालून बसली आणि तो कोरडा भात खाल्ला. अण्णा पंगतीत बघायचे तसे बघत राहिले. झाकणी रिकामी झाली तर पुन्हा, "वाढ."

मुकुंद आला. "अण्णा जेवले?"

"आम्ही दोघं जेवलो," कुमुद म्हणाली. "उद्यापासून दुपारचं अण्णांचं तुम्ही बघायचं. मी थकलेय."

मुकुंद चादरीवरच्या शितांकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवसापासून दुपारी गिरणी बंद राहायला लागली. लोक कुरकुरले, नंतर सवय झाली त्यांना.

यानंतर कुमुद कधी चिडलीच नाही, असं सांगितलं तर आख्यान छान होईल. पण तसं झालं नाही. चिडली, पुन्हा वैतागली. अण्णा दिवाळीनंतर गेले, तोवर ती थकलेलीच होती. फक्त उभ्यानं जेवली नाही.

आता प्रश्नाचं बोलू. ज्याची सेवा चालली होती, त्याच्या तोंडावर ती म्हणाली, सुटा एकदाचे. त्यानं ते शब्द मोजले नाहीत. त्याला त्यात भूक ऐकू आली. पांगळ्या म्हाताऱ्याला जे ऐकू आलं, ते देवाला येणार नाही?

आणि तुम्ही. उद्या आजाऱ्याला भेटायला जाल. सफरचंदं न्याल, "बरं आहे ना?" विचाराल. उशाशी कोण बसलंय, तिकडं बघाल का? तिला भाग्यवान म्हणू नका. म्हणा, "ऊठ, मी बसतो इथं, तू जेवून घे."

तुम्ही निवांत कीर्तनाला आलात, कारण घरी कुणीतरी म्हाताऱ्यापाशी, पोरापाशी थांबलंय. त्याचा चेहरा आणा डोळ्यांपुढं. आला? देवाचं नाव त्या चेहऱ्याकडं बघत घ्या. आरती आज एकच म्हणू. लवकर घरी जा.