गल्लीपुढची कनात

आई : अजून जरा ओढ खाट. हं, बस्स. आता खिडकीतून कोपऱ्यावरचा दिवा दिसतोय. राणीची गाडी तिथूनच वळणार ना?

शिंपी : तिथूनच. पण आई, गाडी भुर्रकन निघून जाईल हं.

आई : जाईना का! अडीच वर्षं या खाटेवर पडून एक तुझं तोंड बघतेय. राणीचा नुसता हात दिसला तरी जीव थंड होईल. सगळं गाव रंगवलं म्हणे. आपल्याच गल्लीत कुणी फिरकलं नाही, विसरले वाटतं.

कारकून : मास्तर, आहात का घरात? कनात झाली ना? माणसं बाहेर खोळंबलीत.

शिंपी : झाली, साहेब. चला, आपण बाहेर बोलू.

आई : पालिकेचे कारकून का? या की आत! तुमच्या मांडवाचं कापड शिवून शिवून लेकाचे डोळे सुजले माझ्या.

कारकून : मांडवाचं? नाही हो आजी. ही कनात तुमच्याच गल्लीपुढे लागायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नऊ फूट उंच.

आई : माझ्या खिडकीपुढे?

कारकून : पडकी घरं राणीसाहेबांच्या नजरेस पडू नयेत, असं वरून आलंय. मी काय, हुकमाचा ताबेदार.

आई : पडकी म्हणे! भिंत खचली तेव्हा चार अर्ज केले, तर तुमच्याकडे बादलीभर चुना नव्हता. आता एवढं कापड कुठून आलं?

कारकून : ते खातं वेगळं, आजी. मास्तर, मी गठ्ठा उचलायला सांगतो. उशीर नको.

आई : गेला? आता माझ्याकडे बघ. तुला ठाऊक होतं?

शिंपी : आधी मांडवच म्हणाले होते. मग माप दिलं. आपल्या गल्लीचं माप मला कळणार नाही का?

आई : आणि तरी शिवत बसलास.

शिंपी : मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं शिवली असती. हळू बोल, ऐक. तुझ्या खिडकीसमोर वीतभर शिवण उघडी ठेवलीय. म्हणून तर खाट इथं ओढली. तुला बरोबर दिसेल.

आई : आणि शेजारच्या म्हातारीला? पलीकडच्या पांगळ्या पोरीला?

शिंपी : सगळ्यांना कुठून सोडू? लगेच पकडलं असतं.

आई : म्हणजे अख्खी गल्ली झाकलीस आणि मला फट ठेवलीस. मी चोरासारखी डोळा लावून बसू? जा, शिवून टाक ती.

शिंपी : आई, असं नको करूस. तुझ्यासाठीच केलं मी.

आई : माझ्यासाठी ना? मग माझं ऐक. सुई घे आणि जा.

(दुपार. खिडकीबाहेर सलग कापड. पलीकडे बँड, जयजयकार, टाळ्या, मग शांतता.)

आई : गेली वाटतं.

शिंपी : गेली.

आई : तू का नाही गेलास बघायला? कनात तूच शिवलीस, तुला पुढं उभं राहू दिलं असतं त्यांनी.

शिंपी : मी पण याच गल्लीतला, आई.