मुहूर्ताची गाडी

(दिवाळीचा पाडवा, १९५६. धुळ्याबाहेर, साक्री रस्त्यावर, शेतकरी सोसायटीच्या कापूस-जिनिंगचं फाटक. सकाळ.)

चुडामण : ...आणि मग ऐक ना, ऐक, नाना जेवता जेवता थांबले, घास हातातच, आणि म्हणाले, "चुडामण, मला विचारशील तर हे द्विभाषिक राज्यच बरं. गुजरात आणि आपण, एकत्र." असं! माझ्या तोंडावर! "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ओरडून ओरडून माझा घसा बसलेला, आणि मलाच ताटावर बसवून हे सांगतात!

झुलाल : हाई बठ्ठं तू हाटेलमाबी सांगं व्हतं भो. भरेल हाटेलमा. आते माले कसाले सांगस?

चुडामण : मग? खोटं सांगितलं का मी?

झुलाल : खोटं नही. पन शिरा खादा नानाना घर, आनि ढेकर दिधा हाटेलमा. त्याना आवाज पार साक्रीलोंग गया.

चुडामण : अरे पण मला काय माहीत एवढं पेटेल! मी आपलं गंमत म्हणून सांगितलं. म्हटलं बघा, आपला मॅनेजर, एवढा शहाणा माणूस, आणि मत बघा कसं. लोक हसतील म्हटलं. तर कोणी हसलंच नाही रे. सगळे कपात बघत बसले.

झुलाल : आनि आज हाऊ रस्ता दख. एक गाडी नही.

चुडामण : येईल. येईल ना. मागच्या पाडव्याला आठव, उजाडायच्या आत फाटकात मारामारी! पहिली गाडी माझी की तुझी, मानाचा फेटा मला की तुला. त्या भागाबाई शेतकरणीचा मोठा मुलगा तर बैलांच्या शिंगांना धरून आडवा झाला होता. नानांनी दोघांनाही नारळ दिले तेव्हा मिटलं. आणि आज बघ, ताट तयार, फेटा तयार, पेढे तयार...

झुलाल : इंजिनबी तापाडी ठेयेल शे मी. पन पहिली गाडीना कापूस पडाशिवाय पट्टा चढावता येत नही. तशीच रीत शे.

चुडामण : चेअरमन काय म्हणाले परवा मीटिंगमध्ये, ऐकलंस ना? तोताराम आबा? "पाडव्याला शेतकरी आले तर मॅनेजर राहील. नाही आले तर लोकांनाच हा माणूस नको, मी काय करणार?" असं हात वर करून! जणू काही देवाचा कौल लावलाय.

झुलाल : कौल लावणारा आबा, आनि देवबी आबाच.

चुडामण : हळू. पण तत्त्व म्हणून बघ ना झुलाल. मॅनेजर म्हणजे तुझ्यासारखा इंजिनवाला की माझ्यासारखा कारकून नाही. सोसायटीचं तोंड आहे ते. तिकडे मुंबईत माणसं गोळ्या खाऊन मेली, त्यांच्यासाठी आपण मोर्चे काढायचे, आणि इकडे आपल्याच काट्यावर असा माणूस? मी काल भर बाजारात म्हणत होतो, काढा म्हणून!

झुलाल : आनि आज?

चुडामण : आज... आज मीच गाडीची वाट बघतोय. नानी सकाळपासून क्वार्टरच्या दारातून चारदा डोकावून गेल्या. नुसतं बघून जातात.

झुलाल : गप. नाना ई राहिनात.

नाना : काय रे, देवळातल्या खांबांसारखे उभे दोघं? पेढा तरी खा.

चुडामण : नको नाना. मुहूर्त झाल्यावर.

नाना : झाल्यावर खा. झुलाल, तू नाल्यापर्यंत जाऊन ये जरा. रस्त्यात कुणाच्या गाडीचा आस मोडला असेल तर हात दे. पण बोलावू नकोस कुणाला. बोलावून आणलेली गाडी मुहूर्ताची होत नाही.

झुलाल : हाव नाना. दखी येस.

चुडामण : नाना, एक सांगू? रागावू नका. माझा वना मामा आहे ना, त्याचा कापूस वेचून तयार आहे. मी आत्ता सायकल मारतो, अर्ध्या तासात गाडी फाटकात! कुणाला कळणार बोलावली म्हणून?

नाना : मला कळेल ना.

चुडामण : पण नोकरी वाचेल!

नाना : चुडामण, वना आज सकाळी यायचाच होता. दसऱ्यालाच मला सांगून गेला होता, "नाना, यंदा पहिली गाडी माझी." मग अजून का नाही आला? तू त्याचा भाचा. तूच विचार कर.

चुडामण : ...तो असा नाही हो.

नाना : कोणीच असा नसतो. एकेकट्याला भेटलास तर प्रत्येकजण म्हणेल, नानांनी आमचा कापूस कधी कमी तोलला नाही.

चुडामण : मग तुम्ही बोललातच कशाला! द्विभाषिक बरं, द्विभाषिक बरं! काय बरं आहे त्यात?

नाना : आता इथे भांडतोस?

चुडामण : भांडतोच! सांगा!

नाना : हे बघ, मी जामनेरचा. नोकरीला इकडे आलो तेव्हा पाहिलं, इथला कापूस तापीच्या काठाकाठाने रेल्वेत बसून सुरतेला जातो. अर्ध्या घरांच्या सोयरिकी नवापूरच्या पलीकडे. बाजारात बायका अर्ध्या गुजरातीत घासाघीस करतात. मला वाटलं, एका घरात राहिलेलं बरं. एवढंच. चुकत असेन.

चुडामण : चुकताच आहात! शंभर टक्के चुकताय! अमदाबादचे गिरणीवाले आपल्याला विकून खातील!

नाना : बरं, चुकतो. पण काट्यावर हात चुकला का कधी माझा?

चुडामण : नाही.

नाना : आगीच्या साली गंजी पेटली तेव्हा मी कोणाच्या कापसावर आधी पाणी मारलं? काँग्रेसवाल्याच्या की समितीवाल्याच्या?

चुडामण : ...जो जवळ होता त्याच्या.

नाना : मग झालं तर.

चुडामण : झालं कसं? आबांना का नाही सांगत हे? आबा तरी कुठे समितीचे होते हो!

नाना : श्रावणात आबा माझ्या ओसरीवर खाटेवर बसून म्हणाले, "द्विभाषिक झालं, कटकट मिटली." मी मान डोलावली. आता पुढे निवडणूक आहे, वारं फिरलं, आबांचं मत फिरलं. फिरू दे, ज्याचं त्याचं. माझं एवढ्या लवकर फिरत नाही.

चुडामण : मग फिरलं असं म्हणा ना नुसतं! म्हणायला काय जातं? मी फाटकावर चढतो आणि ओरडतो, नानांचं मत बदललं हो! दुपारपर्यंत गाड्यांची रांग लागेल!

नाना : आणि पुढच्या पाडव्याला वारं उलटं फिरलं, तर पुन्हा चढशील फाटकावर? तुझं मत मला पटत नाही, चुडामण. पण तू ओरडतोस ते खरं ओरडतोस. म्हणून तर जेवायला बोलावतो तुला. बाकीच्यांना हल्ली बोलावत नाही.

चुडामण : नाना, मी सांगतो आबांना! तोंडावर सांगतो! म्हणतो, आबा, माझं मत नानांच्या साफ विरुद्ध, मी समितीचा, मोर्च्यात पहिला मी. पण मतावरून माणसाची भाकरी काढायची, हे मला मान्य नाही! काल मी बाजारात बरळलो ते चूक. सगळ्यांसमोर सांगतो!

नाना : नको सांगूस. नवं लग्न झालंय तुझं.

चुडामण : लग्नाचं काय त्यात? सांगणारच! बघाच तुम्ही!

नाना : ऐक. किती शांत आहे बघ. पाडव्याच्या दिवशी रस्त्यावर एक पोर नाही, फटाका नाही. एवढ्या वर्षांत मी असा पाडवा पाहिला नाही.

चुडामण : थांबा... थांबा! नाना, घुंगरं! ऐकताय? घुंगरं वाजतायत! आली! गाडी आली हो! नानी, ताट आणा, गाडी आली! मी म्हटलं नव्हतं? वना मामाच असणार! नाना, टोपी नीट करा, कुंकू...

नाना : चाकाचा आवाज ऐक.

चुडामण : काय?

नाना : भरल्या गाडीचं चाक असं खडखडत नाही.

चुडामण : रिकामी? रिकामी गाडी कशाला येईल जिनिंगला? ...हा तर आपला झुलाल बसलाय वर. ए झुलाल! कोणाची रे गाडी?

झुलाल : नाना... गाडी आबानी शे.

नाना : बोल. घाबरू नकोस.

झुलाल : तुमना सामान भराले धाडी शे. आबा म्हने, "सनना दिन शे, नानाले डोकावर सामान लई जावानी पाळी नको."

चुडामण : अरे पण मुहूर्त! अजून दुपार कुठे झाली! गाड्या येतील की!

झुलाल : गाड्या ई गयात भो. बठ्ठ्या ई गयात. नालाना पल्ल्याड उभ्या शेतस, कापूस भरेल. बैल सोडी ठेयेल शेतस. कोनी बिडीबी पेटाडत नही. नानानी गाडी नाला वलांडी गयी का मंग त्या बैल जुपतीन.

नाना : वना आहे त्यांच्यात?

झुलाल : सगळासना पुढे शे.

चुडामण : माझा मामा?

झुलाल : मी राम राम घाला. त्यानी मान खाले घाली लिधी.

नाना : असू दे. त्याचा कापूस भिजला तर वर्ष जाईल त्याचं. त्याला घरी लेकरं आहेत. चुडामण, हे ताट घे. फेटा सोसायटीचा आहे, तो राहू दे. नारळ मी आणला होता, तो मी नेतो. नाल्यापलीकडून जाताना कोणी पाहील म्हणून झाकू नकोस काही. मी हिला सांगून येतो. तिने ट्रंक कालच भरली असणार, मला बोलली नाही एवढंच.

चुडामण : नाना...

नाना : बैलांना पाणी दाखवा तोवर.

झुलाल : ...गयात घरमा.

चुडामण : झुलाल, हे काय चाललंय रे? माणूस जेवताना एक वाक्य बोलला! एक!

झुलाल : भो, आखो एक काम शे. आबानी माले थांबाडीसन सांगं. जिनिंगना बठ्ठा मानससले इचारानं शे. नानाले काढं ते बराबर झायं का नही.

चुडामण : म्हणजे?

झुलाल : म्हनजे तुले बी. आबा नालावर उभा शेतस. म्हनेत, "चुडामणना तोंडथीन ऐकीसन ये. पोऱ्या भलता बोलका शे, त्याना पोटमा काय शे ते समजू दे."

चुडामण : तुला विचारलं?

झुलाल : हाव.

चुडामण : काय सांगितलंस तू?

झुलाल : मी सांगं, बराबर झायं.

चुडामण : झुलाल! आणि मघाशी तूच मला...

झुलाल : माले इंजिनशिवाय दुसरं काय येस भो? दुसरं इंजिन कोठे शे आठे? तू शिकेल शे. तुले जे सांगानं ते सांग. मी जसंना तसं नेसू, एक शबद इकडना तिकडे करनार नही. आयबहीननी आन.

चुडामण : जसंच्या तसं...

झुलाल : बोल. आबा वाट दखी राहिनात. नानाले काढं ते बराबर झायं का? बोल ना भो. कालदिन तं भर बजारमा बोलत व्हता.

चुडामण : हळू विचार. आत ऐकू जातं.